१९५१ ची नॅशनल लीग न्यूयॉर्क जायंट्सनी दुर्बिणीच्या जोरावर जिंकली का?

१९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने ब्रुकलिन डॉजर्सना मागे टाकून नॅशनल लीग (अमेरिकेतील बेसबॉलच्या दोन प्रमुख साखळी स्पर्धांपैकी एक) जिंकली, ती केवळ प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरून, असे म्हणता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र चोरी झाली होती, हे आधी मान्य केले पाहिजे.

जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स या मैदानाचे कुंपण दोन्ही कडांना अगदी जवळ, तर मधोमध साडेचारशे फुटांहून दूर होते आणि तिथेच, फलंदाजाच्या थेट समोर, खेळाडूंच्या खोल्या होत्या. पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे फलंदाजामागे उकिडवा बसलेला कॅचर मांड्यांमध्ये बोटे धरून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सुचवतो. जुलैच्या उत्तरार्धापासून जायंट्सचा एक माणूस त्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण लावून बसू लागला. बोटे ओळखली की तो बटण दाबत असे, तारेने जोडलेला बझर राखीव खेळाडूंजवळ वाजत असे आणि त्यांच्यापैकी एक जण ठरलेल्या हालचालीने फलंदाजाला खबर देत असे. २००१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हे सविस्तर उघड केले, तेव्हा त्या संघातील काही खेळाडूंनीच त्याला दुजोरा दिला.

आता दुसरी बाजू. ऑगस्टच्या मध्याला डॉजर्स तब्बल १३ सामन्यांनी पुढे होते. त्यानंतर जायंट्सनी ओळीने १६ सामने आणि अखेरच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकले, तेव्हा दोन्ही संघ ९६ विजयांवर बरोबरीत आले. दुर्बीण फार तर घरच्या मैदानावरील फलंदाजीला हातभार लावू शकते. सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन या दोन पिचरांचे प्रत्येकी २३ विजय तिच्या खात्यावर कसे टाकणार? एप्रिलमध्ये ओळीने ११ सामने हरलेल्या या संघाची फेरबांधणी व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी दुर्बिणीच्या कितीतरी आधी सुरू केली होती. मे महिन्यात आलेल्या वीस वर्षांच्या विली मेज यांना पहिल्या बारा प्रयत्नांत एकही हिट (चेंडू टोलावून बेस, म्हणजे धावण्याचा टप्पा, सुरक्षित गाठणे) मिळाली नाही, तरी ड्युरोशर यांनी त्यांना मधल्या क्षेत्रातून हलवले नाही. पुढे बॉबी थॉमसन यांना तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला आणल्यावर त्यांचीही बॅट तळपू लागली.

बरोबरी सोडवण्यासाठी झालेली तीन सामन्यांची मालिका तर माझ्या मताला अधिकच बळ देते. पहिला सामना जायंट्सनी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर, म्हणजे दुर्बिणीविना, ३-१ असा जिंकला. दुसरा मात्र दुर्बीण असलेल्या पोलो ग्राउंड्सवर ०-१० असा गमावला.

३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात डॉजर्स ४-१ असे पुढे होते. जायंट्सनी एक धाव काढली आणि दोन खेळाडू बेसवर असताना डॉजर्सचे पिचर राल्फ ब्रँका यांच्या दुसऱ्याच चेंडूवर थॉमसन यांनी डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत होम रन (कुंपणापलीकडचा फटका, ज्यावर फलंदाजासह बेसवरील सगळ्यांची धाव होते) मारून ५-४ असा विजय मिळवला. त्या चेंडूचा इशारा मिळाला नव्हता, असे थॉमसन सांगत राहिले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, पहिल्या सामन्यातही थॉमसन यांनी होम रन मारला होता तो ब्रँका यांच्याच चेंडूवर. तरीही थकलेले पिचर डॉन न्यूकम यांच्या जागी डॉजर्सचे व्यवस्थापक चार्ली ड्रेसेन यांनी त्यांनाच पाचारण केले. डॉजर्सच्या पराभवाचे कारण शोधायचे तर मी त्या निर्णयापासून सुरुवात करीन.