एका हंगामात संघ पालटतो का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. यंदा जूनपासून मुलांचा कबड्डी संघ माझ्याकडे आला. गेली तीन वर्षं पोरं पहिल्याच फेरीत बाद होतायत, हरायची सवयच लागलीय त्यांना. माझी भाची अमेरिकेत ब्लूमिंग्टनला शिकते. ती सांगते, तिच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ कायम हरायचा. नवा प्रशिक्षक आला आणि पहिल्याच हंगामात चित्र बदललं. एका माणसानं खरंच एवढं होतं का? तुम्ही तिकडेच राहता म्हणून विचारतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते एका माणसानं झालं नाही, आणि तुमच्या कामाचं नेमकं तेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा) ब्लूमिंग्टनच्या आमच्या इंडियाना विद्यापीठाच्या नावावर सातशेहून जास्त पराभव होते. वरच्या श्रेणीत इतके पराभव तेव्हा कुणाचेच नव्हते. शेजारचे आजोबा चुनखडीच्या खाणीत काम करून निवृत्त झालेले. आजी गेल्यापासून त्यांच्या दुसऱ्या तिकिटावर ते मला नेतात. २०२१ साली संघाने दोन सामने जिंकले, २०२२ मध्ये चार, २०२३ मध्ये तीन. मोठा संघ पाहुणा आला की आमच्याच स्टेडियममध्ये त्यांच्या रंगाचे सदरे जास्त दिसायचे. आजोबा मात्र शेवटपर्यंत बसायचे. त्यांनी १९६७ चा संघ पाहिलेला, रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत गेलेला. त्याच आठवणीवर त्यांनी इतकी वर्षं काढली.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले. वय बासष्ट. अलाबामाच्या नामांकित संघातली सहायकाची जागा सोडून ते २०११ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले होते, कमी पगारावर. तिथून ईलॉन, मग जेम्स मॅडिसन, ही दोन्ही विद्यापीठंच. मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून जिंकण्यापेक्षा हरणं जास्त, असा एकही हंगाम नाही. आल्याआल्या त्यांनी सांगितलं, मी जिंकतो, गूगलवर बघा. आजोबांना ते बोलणं आवडलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. सिग्नेटी एकटे आले नाहीत. जेम्स मॅडिसनमधले तेरा खेळाडू त्यांच्यामागून ब्लूमिंग्टनला आले : एडन फिशर, एलायजा सॅरॅट, मिकेल कमारा, डीअँजेलो पाँड्स. हा पाँड्स जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा. त्या आडदांड गड्यांत लहान भावासारखा दिसायचा, पण वॉशिंग्टनविरुद्ध त्याने चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि थेट टचडाऊनपर्यंत (म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे) नेला. प्रशिक्षकाला सरावात काय हवं, काय खपत नाही, हे या तेरा जणांना आधीच ठाऊक होतं. बाकीच्यांनी त्यांचं बघून उचललं. एरवी जे शिकवायला दोन वर्षं जातात, ते या मुलांनी सोबत आणलं. पूर्वी विद्यापीठ बदललं की खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागे. २०२१ पासून तो नियम सैल झाला, म्हणून हे शक्य झालं. पैसाही लागला : आधीच्या प्रशिक्षकाला करार संपण्याआधी सोडताना दीड कोटी डॉलरच्या आसपास मोजले गेले. हे तुमच्या हातात नाही, आणि ते लपवून तुम्हाला उमेद देणं मला बरं वाटत नाही.

हंगाम मात्र काय सांगू! २०२४ चे पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. नेब्रास्काला ५६-७ असं हरवलं. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) कर्टिस रॉर्कचा अंगठा त्याच सामन्यात दुखावला, तर पुढचा सामना राखीव खेळाडूने काढून दिला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना रॉर्क तो एक सामना सोडून अख्खा हंगाम खेळला, हे आम्हाला नंतर कळलं. मिशिगनला २०-१५ ने हरवलं तो दहावा विजय. एका हंगामात दहा विजय शंभरहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच. आजोबा उठून उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मग ओहायो स्टेटने ३८-१५ असं लोळवलं. मध्यंतराच्या तोंडावर किक मारणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला आणि तिथून सामना निसटला. पुढच्याच आठवड्यात परड्यूला ६६-०! आमच्यात आणि परड्यूत १९२५ पासून एका जुन्या लाकडी बादलीसाठी झुंज असते; सलग तीन वर्षं ती परड्यूकडे होती. बाद फेरीत नोत्र दामने २७-१७ ने घरी पाठवलं. तेव्हाही शेवटच्या दीड मिनिटात आमच्या पोरांनी दोन टचडाऊन केले. (पुढल्या वर्षी आमचा संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला, पण तुम्ही पहिल्या वर्षाचं विचारलंय.)

तुमच्याकडे तेरा जण नाहीत. पण तुमच्या जुन्या शाळेतला, तुमच्या हाताखाली खेळलेला एखादा मुलगा यंदा अकरावीला आला असेल, तर त्याला घ्या. तुमची पकड कशी लावायची, चढाईनंतर रेषेकडे कधी वळायचं, हे तो इतरांना शिकवेल. तुम्ही सांगून जे डोक्यात जात नाही ते बरोबरीच्याकडून जातं. निवड करताना पोराची उंची आणि दंड बघू नका, गेल्या मोसमात त्याने किती गुण आणले ते वहीत बघा. सिग्नेटींची निवड अशीच असते : पुढं काय करेल यापेक्षा आजवर काय केलं.

आणि हरायची सवय लागलेल्यांचं म्हणाल, तर माइक केटिकचं सांगते. तो २०१९ पासून आमच्या संघात, आघाडीच्या फळीत. दोन, चार, तीन विजयांची ती तिन्ही वर्षं त्याने काढली आणि नव्या प्रशिक्षकासाठीही थांबला. दहाव्या विजयाच्या दिवशी तो मैदानात होता. तुमच्यातही असा एखादा असेल, तीन वर्षं पहिल्या फेरीत हरूनही सकाळी साडेसहाला मैदान आखायला येणारा. नव्या पोरांना गोळा करण्याआधी त्याला चहाला बोलवा आणि विचारा, इथे नेमकं काय चुकतंय.