वडिलांची सेवा करताना मनात राग असेल, तर ती सेवा खोटी ठरते का?

खोटी ठरत नाही. ज्यांनी रात्री उठून कधी वडिलांची कूस बदललेली नाही, तेच अशा सेवेला ढोंग म्हणतात.

माझे वडील गोव्यातल्या सावईवेरे गावच्या घरी एकटे राहून कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळत. या वर्षी फेब्रुवारीत, शिंपणाच्या दिवसांत, पाटाचे पाणी वळवताना ते घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना पर्वरीला माझ्या घरी आणले. सकाळची पेज, आंघोळ, वॉकर धरून चालवणे, सारे मीच करते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही त्यांना दीड दिवसासाठी गावी नेले. तेथे पुण्याहून आलेला दादा, गणपतीवर फळे-पाने बांधून टांगलेल्या माटोळीखाली, साऱ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "हिश्श्यासाठी चालले आहे हे." बाबांनी ते ऐकले आणि मान खाली घातली.

आई गेल्यावर हक्कसोडीचा दस्तऐवज समोर ठेवून याच बाबांनी मला सांगितले होते, "बाय, सही कर, उद्या दादाच मला सांभाळणार आहे." मी सही केली नाही, म्हणून दोन वर्षे ते माझ्याशी धड बोलले नाहीत. चवथीच्या त्या रात्री त्यांच्या पायांना तेल चोळताना मी एक शब्दही काढला नाही. तेल मात्र रोजच्याइतकेच चोळले.

गोव्याच्या नागरी कायद्यानुसार अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मृत्युपत्र करूनही ती दुसऱ्याला देता येत नाही, आणि तीत मुलगा-मुलगी समान वाटेकरी असतात. 2007 च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारीही दोघांवर टाकली आहे. तेव्हा हिस्सा मागणारी मुलगी लोभी आणि सेवेला न येणारा मुलगा वारस, हा हिशेब मला मान्य नाही. आपल्याला भाऊ असेल, तर त्याच्याकडून निदान रात्रीच्या मदतनिसाचा खर्च आजच मागून घ्या. वडील गेल्यावर मागाल, तर त्याला भांडण म्हणतील.

ज्यांना वडिलांनी लहानपणी मारझोड केली किंवा टाकून दिले, त्यांना मात्र माझे हे उत्तर लागू पडत नाही. त्यांनी जवळ राहून सेवा करावीच, असे मी म्हणणार नाही.

राग वडिलांना बोलून दाखवावा का, असेही आपण विचारले आहे. मी अजून दाखवलेला नाही. सुपारीच्या पाडणीला गावी जायचेच, असा बाबांचा हट्ट आहे. तासाभराच्या त्या वाटेवर गाडीत आम्ही दोघेच असू; दादा बोलला तेव्हा ते गप्प का राहिले, हे मी तेव्हा विचारणार आहे.