एचआयव्हीचं निदान झालंय. कंपनीत माहिती आणि आधार कुठे मिळेल? एचआरला सांगावंच लागतं का?

सांगावं लागत नाही. आणि माझं ऐकाल तर सगळ्यात आधी एचआरला तर मुळीच सांगू नका.

आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, २०१० सालची २०० क्रमांकाची शिफारस आहे. नोकरीसाठी कुणालाही एचआयव्हीची तपासणी करायला किंवा स्वतःची स्थिती उघड करायला भाग पाडू नये, असं त्यात सरळ लिहिलंय. कंपन्यांची धोरणं बहुतेक त्यावरूनच, किंवा त्यांच्याच २००१ च्या आचारसंहितेवरून उतरवलेली असतात. तुमच्या कंपनीचंही असेल. ते मागून घ्या. धोरणाची प्रत मागायला कारण द्यावं लागत नाही.

आता खरी अडचण सांगते. मी एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात बरीच वर्षं नर्स होते. बोटात पत्रा घुसला, डोळ्यात कचरा गेला, बीपी वाढलं, की माणूस माझ्याकडे. दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, गेटवर लाल रिबिनीचं बॅनर लागायचं, साहेब लोक त्याच्यासमोर फोटो काढायचे. धोरणही छान फ्रेम करून लावलेलं.

तिथला एक ऑपरेटर एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर, होता. तब्येत ठणठणीत, कामाला वाघ. रात्रपाळीत गोळ्यांची वेळ कशी सांभाळायची ते विचारायला तो आपणहून माझ्याकडे आला होता. त्यामुळे मला आणि आमच्या डॉक्टरांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. एकदा तो तापाने आजारी पडला आणि रजेसाठी सर्टिफिकेट घेऊन आला. कागदावर आजार लिहिलेला नव्हता. पण खाली गोल शिक्का होता, त्यात एआरटी केंद्राचं नाव. नियमाप्रमाणे कागद हजेरी-रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसला गेला. तिथल्या क्लार्कने शिक्का वाचला, शेजारच्याला दाखवला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शॉपमध्ये बातमी. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टीलच्या ग्लासावर कुणीतरी काळ्या मार्करने फुली मारून ठेवली होती. कुणी तोंडाने काही बोललं नाही. फुली तेवढी मारली.

कुणी त्याच्यावर डूख धरला होता असं नाही. नाव फुटतं ते बहुतेक वेळा दुष्टपणाने नाही, कागद चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे.

मग त्याचे सुपरवायझर माझ्याकडे आले. "सिस्टर, आणखी कोण कोण आहेत त्यांची यादी द्या. उद्या कुणाचा हात कापला आणि आमचा माणूस मदतीला धावला तर?" मी म्हटलं, गेल्या वेळी हात कापला तेव्हा धावलेल्याने ग्लोव्हज घातले होते का? नव्हते. पेटीत होते का? तेही नव्हते. यादी कशाला हवी मग? ज्याने कधी तपासणीच केली नाही तो तुमच्या यादीत येणार कुठून? प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं समजूनच हाताळायचं, प्रथमोपचाराचा पहिला धडा हाच. शिवाय बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हिपॅटायटिस बी त्याच्या कितीतरी पट सहज लागतो, त्याची लस आहे, आणि त्याची यादी मात्र कुणी कधी मागितली नाही.

ते गृहस्थ अजूनही भेटले की म्हणतात, "सिस्टर, तुम्ही माहिती लपवलीत." हो, लपवली. मला पगार त्यासाठीच मिळायचा.

ऑपरेटरला "त्याच्याच भल्यासाठी" गोदामात हलवलं. डॉक्टरांनी फिट असल्याचं लिहून दिलं, युनियनने पत्र टाकलं, तेव्हा कुठे तो मशीनवर परत आला.

तर तुमचं. तुमच्या ऑफिसात मेडिकल सर्टिफिकेट कुणाच्या हातात पडतं ते आधी हेरून ठेवा. थेट टाइम ऑफिसला किंवा मॅनेजरला जात असेल तर केंद्राच्या शिक्क्याचा कागद देऊ नका. कंपनीचे डॉक्टर असतील तर बंद पाकिटात त्यांना द्या, त्यांनी पुढे फक्त "रजा योग्य" एवढंच कळवायचं. माहितीसाठी उपचार केंद्राच्या समुपदेशकासारखा माणूस नाही. गोळ्या, कामाच्या पाळ्या, प्रवास, लग्न, सगळ्याची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात. भारतात असाल तर १०९७ ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, मोफत हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं. आधार हवा असेल तर पॉझिटिव्ह लोकांचे गट शोधा. ऑफिसातल्या प्रेमळ मित्राला सांगायची घाई नको. तो प्रेमळच असतो, पण त्याच्या बायकोला सांगतो.

कायद्याचंही थोडं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कामाला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ पॉझिटिव्ह आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने तिथल्या सरकारी विमान कंपनीला, एचआयव्हीमुळे नाकारलेल्या उमेदवाराला नोकरी द्यायला लावली. भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायची सक्ती आहे. तुमच्याकडे तो कोण आहे, हे विचारून बघा. उत्तर द्यायला कितीजण गोंधळतात ते बघण्यासारखं असतं.

काही गोष्टी मात्र राहिल्या. ग्रूप विम्याच्या फॉर्मवर लेखी प्रश्न असेल तर खोटं लिहू नका, पुढे क्लेम अडकतो. भरण्याआधी समुपदेशकाला दाखवा. लांबलेला खोकला, रात्रीचा घाम असेल तर टीबीची तपासणी लगेच करा, कारण तो हवेतून पसरतो, आणि सहकाऱ्यांना खरा धोका त्याचा असतो, तुमच्या ग्लासाचा नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरमागे दोनशेच्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातूनही एचआयव्ही जात नाही. हॉस्पिटलात, विशेषतः शस्त्रक्रियेच्या कामात असाल तर माझा वरचा सल्ला जसाच्या तसा लागू होणार नाही, तिथे डॉक्टरांशी बोलावंच लागतं. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या, सुरू व्हायला हवी, आणि ७२ ही शेवटची मर्यादा आहे, पहिल्या काही तासांतच जायचं.

आणि एचआरला कधीच सांगू नका असंही नाही. पाळी बदलून हवी असेल, दर महिन्याला केंद्रात जायला अर्धा दिवस हवा असेल, तर मागायला लागेलच. तेव्हा "दीर्घकालीन उपचार चालू आहेत" एवढं लिहून डॉक्टरांचं पत्र जोडा. कोणते उपचार, असं विचारलं तर म्हणा, लेखी विचारा. बहुतेक जण लेखी विचारत नाहीत.