शेअर्ड लिनक्स सर्व्हरवर सगळ्या युजर्सना जावाच्या डिफॉल्ट प्रॉपर्टीज कशा लावायच्या?

तुम्हाला प्रत्येकाच्या होममध्ये डिप्लॉयमेंट.प्रॉपर्टीज ही सेटिंगची फाइल टाकत बसायचं नाही, आणि ज्याला व्हॅल्यू बदलायची त्याला बदलताही यायला हवी. ती फाइल आधी विसरा. ती ब्राउझर प्लगइन आणि वेब स्टार्ट (वेबवरून जावा प्रोग्रॅम सुरू करायची सोय) यांच्यापुरती होती, दोन्ही जावा ११ मध्ये गेले. टर्मिनलवरून चालवलेला प्रोग्रॅम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) ९ पासून पुढे असाल तर /ईटीसी/प्रोफाइल.डी मध्ये एक .एसएच फाइल करा आणि तिथे जेडीके_जावा_ऑप्शन्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक्सपोर्ट करा. हे फक्त जावा लाँचर, म्हणजे जावा ही कमांड, वाचतो, आणि कमांड लाइनच्या आधी जोडतो. म्हणून युजरने स्वतः दिलेला एक्सएमएक्स (हीपची, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची, कमाल मर्यादा) जिंकतो. मेन क्लास किंवा डॅश-जार मात्र यात घालू नका, लाँचर तिथेच थांबतो.

आता ती अंडरस्कोरवाली _जावा_ऑप्शन्स, असंच दुसरं व्हेरिएबल. ‘सगळीकडे चालते’ म्हणून ती /ईटीसी/प्रोफाइलमध्ये कोंबणारे ॲडमिन डिफॉल्ट लावत नाहीत, सक्ती करतात. ती कमांड लाइनच्या नंतर लागते. तिच्यात एक्सएमएक्स ५१२ एम असेल तर युजरने ८ जी दिलं तरी हीप ५१२ एमबीच राहते, आणि तो बिचारा आपल्याच कोडमध्ये मेमरी लीक शोधत बसतो. शिवाय ती डॉक्युमेंटेड नाही. ‘युजर्सना अक्कल नसते’ हा युक्तिवाद असेल तर सरळ सीग्रुपने (लिनक्सची प्रोसेसवर मर्यादा घालायची सोय) मेमरीची मर्यादा घाला, जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशीनच्या) आडून नको.

तिसऱ्या व्हेरिएबलला, जावा_टूल_ऑप्शन्सला, कमांड लाइन मात देते, तेवढं ठीक. पण ती जावासी (कंपायलर), कीटूल (सर्टिफिकेट सांभाळणारं टूल) सगळ्यांना लागते आणि प्रत्येक वेळी एररच्या आउटपुटवर ‘पिक्ड अप’ची ओळ छापते. त्या आउटपुटमधून व्हर्जनची पहिली ओळ उचलणाऱ्या स्क्रिप्ट तिथेच गंडतात. जेडीके_जावा_ऑप्शन्सही अशीच ओळ छापते, फक्त जावा कमांडपुरती.

युजरने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जुनी व्हॅल्यू आधी आणि आपली नंतर लिहावी. नुसतं असाइन केलं तर तुमचं डिफॉल्ट पुसलं जातं. क्रॉनची (ठरलेल्या वेळी चालणारी) कामं आणि सिस्टमडीच्या (बॅकग्राउंडला चालणाऱ्या) सर्व्हिसेस प्रोफाइल.डी वाचत नाहीत, सुडो (दुसऱ्या युजरच्या हक्काने कमांड चालवणारा) बहुधा व्हेरिएबल गाळतो. त्यांचं वेगळं बघावं लागेल.

हो, आणि फक्त एन्कोडिंगसाठी हा खटाटोप असेल तर जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ च आहे. अजून जावा ८ वर वेब स्टार्ट चालवत असाल तर /ईटीसी/.जावा/डिप्लॉयमेंट मधल्या डिप्लॉयमेंट.कॉन्फिगमध्ये सगळ्यांसाठीच्या डिप्लॉयमेंट.प्रॉपर्टीज फाइलचा पत्ता द्या, मँडेटरी फॉल्स ठेवा. ट्रू ठेवलं आणि ती फाइल सापडली नाही, तर काहीच सुरू होत नाही.