अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनसाठी (चेंडू असलेल्या संघाची, समोरच्यांना अडवणारी पुढची रांग) कोच कमी वजनाची मुलं का निवडतात?
कारण वजन वाढवता येतं, पण हातांची लांबी देता येत नाही आणि पायांची चपळाई फारशी शिकवता येत नाही. शाळेत टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) खेळणारा, साडेसहा फूट उंच, 240-250 पौंडांचा आणि हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा कुस्ती खेळणारा मुलगा बऱ्याचदा 320 पौंडांच्या सुस्त मुलापेक्षा चांगला टॅकल (या रांगेच्या टोकाचा खेळाडू) होतो. पुढे व्यावसायिक टॅकल झालेला लेन जॉन्सन तर ज्युनिअर कॉलेजात क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) होता! ओक्लाहोमा विद्यापीठात तो टॅकल झाला आणि 2013 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) चौथ्या क्रमांकावर गेला.

पहिलं वर्ष बहुतेकांचं रेडशर्टमध्ये जातं, म्हणजे सामन्यांपासून दूर राहून खेळण्याच्या पात्रतेचं एक वर्ष वाचवलं जातं; 2018 च्या नियमाने 4 सामन्यांपर्यंत खेळूनही ते वाचतं. या काळात घाई नडते. वजन पोटावर चढलं की पाय जड झालेच. महिन्याला 3-4 पौंड, तेही स्क्वॉट्सच्या जोडीने, पुरे.

खरा वेळ लागतो तो पास ब्लॉकिंगला, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत समोरच्याला अडवून धरायला. नवखा मुलगा कमरेत वाकतो, डोकं पुढे जातं, आणि समोरचा त्याचे हात खाली झटकून सरळ क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचतो. वाकायचं गुडघ्यांत, पाठ सरळ, तळहात समोरच्याच्या छातीवर. मागे सरकताना दोन्ही पाय जवळ आले की एका धक्क्यात तोल जातो.