ईपीएस-९५ पेन्शन आणि आंतरराष्ट्रीय निकष

प्रश्न : सूतगिरणीतील तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी निवृत्त झालो असून मला ईपीएस-९५ (भविष्य निधीशी जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) ची पेन्शन मिळते. ती सामाजिक सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत बसते का? बसत नसेल तर दाद कोठे मागावी?
— एक निवृत्त कामगार, इचलकरंजी

उत्तर : या विषयातला मूळ मापदंड म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५२ चा करार क्रमांक १०२. त्याने आजारपण, बेकारी, वार्धक्य, प्रसूती अशा नऊ शाखांमधील किमान लाभ ठरवून दिले असून त्यांपैकी तीन शाखा स्वीकारल्या तरी देशाला अनुसमर्थन करता येते, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक म्हणून स्वीकारता येतो. मात्र त्या तिन्हींमध्ये बेकारी, वार्धक्य, कामावरील अपघात, अपंगत्व किंवा कमावत्याचा मृत्यू यांपैकी निदान एक शाखा असावी लागते. इतकी सवलत असूनही भारताने हे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही.

काही लाभांच्या दरांत आपण कमी नाही. आजारपणात करार वेतनाच्या ४५ टक्के मागतो, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) ७० टक्के देते. प्रसूतीसाठी करारात १२ आठवडे आहेत, आपल्या कायद्यात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६.

पेन्शनचे गणित मात्र फसवे आहे. तीस वर्षांच्या सेवेनंतर वेतनाच्या ४० टक्के पेन्शन मिळावी, असे करार म्हणतो. ईपीएसच्या सूत्रात पेन्शनपात्र वेतनाला (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सरासरी वेतनाला) सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात, म्हणजे तीस वर्षांना जवळपास ४३ टक्के होतात आणि निकष ओलांडल्यासारखा वाटतो. परंतु हे वेतन २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेत मोजले जात असल्यामुळे, त्याहून कितीही अधिक पगार असला तरी, दीर्घ सेवेबद्दल जोडली जाणारी वाढीव वर्षे न धरता हाती सहसा फार तर ६,४३० रुपयेच येतात. करारालाही वेतनमर्यादा वर्ज्य नाही. तथापि कुशल कामगाराच्या वेतनाशी ठरावीक प्रमाण राखणारी रक्कम मिळालीच पाहिजे आणि राहणीमानाचा खर्च बराच वाढल्यास चालू पेन्शनचा फेरविचार व्हावा, असे तो बजावतो. ईपीएस पेन्शन महागाईशी जोडलेलीच नाही. २०१४ मध्ये ठरलेली दरमहा १,००० रुपयांची किमान पेन्शन ही तर, माझ्या मते, निवृत्तांची थट्टाच आहे.

अनुसमर्थन केलेल्या देशाचे अहवाल श्रम संघटनेची तज्ज्ञ समिती तपासते, आणि उल्लंघनाबद्दल कामगार संघटनाही तेथे तक्रार नेऊ शकतात. आपल्याला तो मार्ग बंद आहे, आणि या कराराच्या आधारे भविष्य निधी कार्यालयाकडे वाढीव रकमेचा हक्कही सांगता येत नाही. सेवेची वर्षे किंवा सरासरी वेतन चुकीचे धरल्याचा संशय असल्यास त्या कार्यालयाकडून आकडेमोडीचा तपशील लेखी मागवावा. दर आणि वेतनमर्यादा बदलणे केंद्र सरकारच्या हाती असल्याने ती मागणी कामगार संघटनेमार्फत आणि खासदारांकडेच रेटावी लागेल.