बसून चालवायचा मोअर घरीच सांभाळायचा तर: ओहायोला निघालेल्या नंदगडच्या पोराला

तू विचारलंस, "काका, ओहायोत जे घर भाड्याने घेतोय त्याला एकरभर लॉन आहे. मालक बसून चालवायचा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, देतोय, पण देखभाल आम्ही करायची. जमेल काय?" जमेल की! मीही नंदगडचाच. इकडे येऊन १८ वर्षं झाली, हे सगळं इथेच शिकलो.

आधी एक लक्षात घे, इथे आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीसारखी उद्यमबाग नाही. बेळगावात काही बिघडलं की टेम्पोत घालून फिटरकडे न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. इथे मे महिन्यात दुकानात मोअर टाकला की मला दोन-तीन आठवडे वाट बघावी लागते, आणि गवत काही थांबत नाही. म्हणून तेल, फिल्टर, प्लग, पातं एवढं आपल्यालाच यायला पाहिजे.

जिवावर बेतणारं काम पात्याचं. कुट्टी मशीनमध्ये बोटं गेलेली माणसं आपण गावात बघितलीत. ह्या पात्याच्या टोकाचा वेग तर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. खाली हात घालायच्या आधी पार्किंग ब्रेक लाव, किल्ली काढून खिशात टाक, प्लगची वायर काढून बाजूला सार. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही वायरी.

दुसऱ्या वर्षी मी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरलो. जॅक खडीत रुतून कलला आणि डेकची, म्हणजे पात्यावरच्या लोखंडी झाकणाची, कड माझ्या कोपरापासून चार बोटांवर आदळली. तेव्हापासून पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय मी खाली वाकत नाही. त्याहून बरं म्हणजे डेकच सोडवून बाहेर ओढायचा. पात्याला धार लावताना जाड हातमोजे घाल. मग मधल्या भोकातून पातं खिळ्यावर अडकव. जी बाजू खाली जाईल ती अजून थोडी घास. तोल गेलेलं पातं स्पिंडलचं, म्हणजे ते ज्या दांड्यावर फिरतं त्याचं, बेअरिंग खातं. नट मोअरच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळ.

तेल साधारण ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, इंजिन कोमट असताना बदल. एअर फिल्टर काळा पडला की नवा टाक.

पेट्रोलचं मात्र नीट ऐक. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक १० टक्के इथेनॉल असतं, महिनाभर पडून राहिलं की खराब व्हायला लागतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो. हिवाळ्याआधी ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घालून पाच-दहा मिनिटं इंजिन चालव. पंपावर ८८ लिहिलेलं असतं त्यात १५ टक्के इथेनॉल, ते मोअरमध्ये घालू नको. कॅन गाडीत ठेवून भरू नको, जमिनीवर ठेवून भर. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. मोअरमध्ये पेट्रोल घालायचं ते इंजिन गार झाल्यावर, अंगणात. गॅरेजमध्ये गॅसचा बंब असेल तर तिथे अजिबात नको. आणि दार बंद करून आत इंजिन चालू ठेवू नको, धुराने माणूस जातो.

सीटखाली एक स्विच असतो. पातं चालू असताना तू उठलास की इंजिन बंद पडतं. तो बिघडला की कुणीतरी सांगेल, "दोन वायरी जोडून टाक, चालतंय." आपल्या हाताला जुगाडाची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: स्विच नवा बसव. तुझी लेक चार वर्षांची आहे ना? तिला मांडीवर घेऊन एक फेरीसुद्धा मारायची नाही. मोअर चालू असला की ती घरात. उतारावर सरळ वर-खाली चालव, आडवा नको. १५ अंशांपेक्षा जास्त चढ असेल किंवा गवत ओलं असेल तर तिथे नेऊच नको.

निघायला दोन महिने आहेत म्हणतोस. तेवढ्यात उद्यमबागेत ओळखीच्या फिटरकडे दोन दिवस बस. प्लग आधी हाताने फिरवून आटे कसे धरायचे आणि टॉर्क पाना कसा वापरायचा, एवढं त्याच्याकडून शिकून ये. बाकीचं तू आलास की फोनवर सांगतो.